खाऱ्या पाण्याचे आठ रोडगे

सरांनी पहिल्याच भेटीत मला हाड चाटायला लावलं. वर तो दिवस सोमवार, आणि माझा उपास.

मी दर्यापूरकडची, नवीकोरी एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत अमरावतीच्या एका कॉलेजात आले होते. रसायनशास्त्र विभागाची शेवटची खोली, सायकल स्टँडला लागून. आत एक काटकुळा माणूस बसलेला, खिशाला शाईचा डाग, पायात दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला. मी अर्ज पुढं केला. तो न वाचताच त्यांनी त्यावर एक पांढरा खडा ठेवला.

"जीभ लाव."

"काय सर?"

"जीभ लाव ना बाप्पा त्याले. चावत नाही ते."

म्हटलं, गेला हा माणूस कामातून. पण मार्गदर्शक मिळणं तेव्हा नवरा मिळण्यापेक्षा कठीण होतं, म्हणून लावली जीभ. खडा असा चिकटला की बोटांनी ओढून काढावा लागला. सरांनी टाळी वाजवली. "पाह्य! आत जाळी हाय म्हून तुही थुंकी पिऊन राहिलं ते. चिकटलं तर आपलं. नाही चिकटलं तर दगड, चटणी वाटायले ठेवाचा."

"कशाचं आहे हे?"

"बोकडाचं. मांडीचं हाड, जाळून दळलेलं."

माझा उपास मोडला की नाही, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी गंभीरपणे विचार केला. "नऊशे डिग्रीले भाजल्यावर राख राहते. अन् शंकराच्या अंगाले राखच राहते. चालते." असा माझा प्रवेश झाला. अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला नाही.

त्या खड्याचं शास्त्रीय नाव हायड्रॉक्सीअॅपेटाइट. आपली हाडं आणि दात ज्याचे बनतात तेच. सर ते नाव घेत नसत. म्हणत, "अर्धं नाव घेईपर्यंत समोरचा उठून जाते." ते म्हणायचे रोडगे. आमच्याकडं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजतात ते रोडगे. सरांचे रोडगे बोराएवढे, आणि कणकेऐवजी हाडाची भुकटी. कृती साधी होती. हाडं उकळायची, जाळायची, पांढरी भुकटी करायची, तिच्यात ज्वारीचं पीठ घालून पाण्यानं मळायचं, गोळे वळून वाळवायचे आणि भट्टीत घालायचे. पीठ जळून जातं, त्याच्या जागी छिद्र राहतं. छिद्रं एकमेकांत उघडली पाहिजेत, अनारशासारखी आरपार जाळी पडली पाहिजे, म्हणजे मोडलेल्या हाडात हा गोळा बसवला की त्यातून नवं हाड वाढत जातं. आणि छिद्रांत औषध भरून ठेवलं, तर ते तिथल्या तिथं, हळूहळू झिरपतं.

"ज्वारीचंच पीठ काहून सर?" मी विचारलं होतं.

"मैदा पाह्यला घेऊन. मैद्याची छिद्रं आळशी हायेत."

हा माणूस कट्टर शाकाहारी. घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आणि रोज सकाळी सात वाजता पिशवी घेऊन मटणाच्या दुकानासमोर उभा. "मांडीचं द्या, पाठीचं नको. साफ करून द्या, मास नाही पायजे मले." गल्लीतल्या बायकांना वाटायचं की मास्तर बाहेर चोरून खातो आणि हाडं पुरावा म्हणून घरी आणतो. सरांच्या बायकोनं स्वयंपाकघराच्या दारात एक बादली ठेवली होती. तिच्यात हात-पाय धुतल्याशिवाय सरांना चहा मिळत नसे. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्या बादलीला एकदाही नाव ठेवलं नाही, आणि त्या माउलीनं हाडांना.

दुकान चाचांचं होतं. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा, सरही. उंचेपुरे, मेंदी लावलेली दाढी, आणि डाव्या पायाला कायमची पट्टी. बऱ्याच वर्षांपूर्वी बकऱ्यांच्या ट्रकवरून पडून नडगी मोडली होती. हाड बाहेरून जुळलं पण आतून नासलं. पायाला एक भोक होतं आणि त्यातून पू यायचा. दोन महिने थांबायचा, पुन्हा यायचा. अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी तीनदा हाड खरवडून काढलं होतं. गोळ्या, इंजेक्शनं, सगळं झालं होतं.

सरांनी चाचांना ते दुकानातच, लाकडी ठोकळ्यावर बोटानं नकाशा काढून समजावलं होतं. "हे तुहं हाड. हा तुकडा मेलेला हाय. मेलेल्यात रक्त जात नाही. रक्तच जात नाही तं गोळीचं औषध कसं जाईन? रस्ता बंद. आता आपण काय करू, औषधाचं गोदामच तिथं नेऊन बांधू."

"बांधो ना मास्तर. मेरा नंबर कब लगता?"

"जमलं की पह्यला तूच."

त्या एका वाक्यावर चाचांनी सरांना कित्येक वर्षं हाडं दिली. निवडून, साफ करून, वेगळ्या पिशवीत. गिऱ्हाईक खोळंबलं तरी आधी मास्तरची पिशवी. तो पाय वाचावा म्हणून एक खाटीक आणि एक शाकाहारी मास्तर दोघं मिळून खटपट करत होते, आणि मधे मी.

भट्टीचा मोठा शत्रू लोडशेडिंग. ती वर्षं तशीच होती. दिवसाचे कित्येक तास लाइट नाही, आणि भट्टी मधेच थंडावली की रोडगे तडकून जायचे. सर वीज कंपनीच्या कचेरीत फोन करायचे. एकदा मी समोर होते.

"साहेब, दोन तास लाइन बंद करू नका. माही हाडं आत हायेत."

पलीकडून बहुतेक विचारलं असावं, तुम्ही स्मशानातून बोलून राहिले का. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हो भाऊ. आता काय सांगू तुमाले." त्या दिवशी साडेतीन तास लाइट गेली नाही. सर शास्त्राच्या बाबतीत कधी खोटं बोलत नसत. वीज कंपनी त्यात येत नव्हती.

अनुदानासाठी दिल्लीहून समिती आली होती तेव्हाचीही एक गंमत. त्या वर्षांत आमच्याकडं पाऊस कमी आणि पाहणी पथकं जास्त. सरकारी विश्रामगृह कायम भरलेलं, कोणीतरी नेहमी कोणाच्यातरी दुःखाची पाहणी करायला उतरलेलं. आमच्या समितीला राहायला खोली मिळाली नाही, त्यामुळं ते तिघं आधीच चिडलेले. सरांनी तक्ते नाहीत, आलेख नाहीत, सरळ बशीत रोडगे मांडून पुढं केले. "चाटा."

अध्यक्ष भले गृहस्थ. त्यांनी चाटला. रोडगा जिभेला चिकटला आणि घाबरून त्यांनी तोंड उघडं टाकलं. नेमका त्याच वेळी आमच्या कॉलेजच्या फोटोग्राफरनं फोटो काढला. अनुदान आलं नाही. पत्रात लिहिलं होतं, प्रयोगशाळेत गांभीर्याचा अभाव. ते पत्र सरांनी बेसिनच्या वर चिकटवून ठेवलं. "हात धुताना वाचत जा," म्हणायचे.

गांभीर्य नव्हतं हे मात्र साफ खोटं. वहीच्या बाबतीत हा माणूस जमदग्नी होता. माझ्या आधीच्या एका विद्यार्थ्यानं आकडा थोडा गोल करून लिहिला, तर सरांनी त्याची वही खिडकीतून सायकल स्टँडवर भिरकावली होती. पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून खाली खरं लिहायचं. आणि कुठलाही निकाल तीनदा आला पाहिजे. एकदा आला, दोनदा आला, तर सर ढुंकून बघत नसत. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी जे केलं ते केलं.

दिवाळीत कॉलेजला कुलूप लागलं, होस्टेल बंद. सर म्हणाले, "पंधरा दिवस सुट्टी कायची? घरी मळ, वाळव, अन् आल्यावर भट्टीत घालू." हाडाच्या भुकटीचा डबा दिला आणि पाच लिटर डिस्टिल्ड वॉटरचा कॅन. लोडशेडिंगमध्ये थेंब थेंब जमवलेलं पाणी होतं ते. "जीव जाऊ दे, कॅन जाऊ देऊ नको."

मी काळीपिवळीनं निघाले. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा, कॅन मांडीवर. शेजारच्या म्हातारीनं कॅनकडं पाहिलं.

"पोरी, गोड पानी हाय काय वो?"

आता आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. जमिनीतलं पाणी खारं, पिऊन घसा कोरडाच राहतो. तिथं कोणी गोडं पाणी मागितलं आणि मांडीवर पाच लिटर असताना नाही म्हटलं, तर ती पोरगी माणसातून उठली. मी म्हटलं, "घ्या आजी, पण घोटभरच." आजीनं घोटभर घेतलं. मग तिच्या नातवानं. मग मागच्या सीटवरून हात आले. एक जण म्हणाला, "चवच नाही वो याले, उकयलेलं हाय काय?" आणि तरी दोन ग्लास प्यायला. राहिलेलं ड्रायव्हरनं गाडी तापली म्हणून रेडिएटरमध्ये ओतलं. मी बघत बसले. सरांचं पंधरा दिवसांचं पाणी दर्यापूरच्या रस्त्यावर वाफ होऊन गेलं.

घरी आईनं हाडाचा डबा बघूनच कपाळाला हात लावला. "उद्या लक्ष्मी येऊन राहिली, अन् तू हाडं मयत बसशीन?" मला मागच्या अंगणात बसवलं. मी प्यायच्या माठातलं पाणी मागितलं; नळाला तेव्हा आठ दिवसांतून एकदा गोडं पाणी यायचं.

"हाडं मयाले प्यायचं पानी? तोंड पाह्य तुहं. हापशीचं घे."

आमच्याकडची रीतच ती. गोडं पाणी फक्त तोंडात. भांडी, धुणं, जनावरं, सगळं हापशीवर. मला त्यात वावगं वाटलं नाही, ही खरी गोष्ट. आत आई अनारसे थापत होती, बाहेर मी हापशीच्या खाऱ्या पाण्यानं हाडं मळत होते. आठच गोळे झाले. आणि वहीत लिहिताना माझा हात थांबला. सरांचा आवाज कानात आला, डोळ्यांपुढं सायकल स्टँड आलं, आणि मी लिहिलं: डिस्टिल्ड वॉटर.

ते आठ रोडगे भट्टीतून निघाले ते पाहण्यासारखे. त्यांच्यात औषध भरून मिठाच्या पाण्यात ठेवले आणि रोज ते पाणी तपासायला लागलो. आधीचे सगळे रोडगे दोन-तीन दिवसांत सगळं औषध ओकून मोकळे व्हायचे. हे आठ आठवड्यामागून आठवडा थोडं थोडं सोडत राहिले, कंजूष सासूनं तूप वाढावं तसं. सर रोज सकाळी आकडा बघायचे आणि खोलीत एक चक्कर मारायचे. महिना झाल्यावर म्हणाले, "पोट्टे, तुह्या हातात काही हाय."

त्याच दिवशी ते एस.टी.नं अकोल्याला गेले. डॉक्टर उत्साही माणूस. आकडे बघून म्हणाले, यांच्यात पुन्हा औषध भरून, नीट निर्जंतुक करून चाचांच्या पायात ठेवू. तेव्हा कागदपत्रं आजच्याइतकी नव्हती. डॉक्टर, पेशंट आणि दोन-चार सह्या. तारीख ठरली. चाचांनी बिडी सोडली, चार दिवसांनी पुन्हा धरली, पुन्हा सोडली.

सरांचं मात्र एकच पालुपद. "पुन्हा कर. तीनदा." मी केले. नव्यानं जमवलेल्या डिस्टिल्ड वॉटरनं, अगदी वहीत लिहिल्याप्रमाणं. दोन दिवसांत औषध संपलं. पुन्हा केले, पुन्हा तेच. सर पीठ बदलून बघत, भट्टीचा वेग बदलून बघत. डोकं खाजवत म्हणत, "दिवाळीत काय येगळं होतं?" आणि मी, पदवीधर मुलगी, भिंतीकडं बघत उभी.

मनात म्हटलं, गप्प बस. ते आठ तर चांगलेच आहेत ना? चाचांच्या पायात जातील, चाचा बरे होतील, माझा प्रबंध होईल, अकोल्याच्या कॉलेजातली नोकरी वाट बघतेय. कोणाचं काय बिघडतं?

ऑपरेशनच्या तीन दिवस आधी सरांनी मला हाडं आणायला चाचांकडं पाठवलं. चाचांनी पिशवी दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बेटी, मास्तर बोले, वो आठ गोलियाँ तूने बनाई. तेरे हात का जाएगा मेरे पाय में. अल्ला तेरे को सुखी रखे."

मी दुकानातून निघाले ती सरळ प्रयोगशाळेत. पिशवी टेबलावर टाकली आणि उभ्या उभ्या सगळं ओकले: जीप, आजी, हापशी, वही. वाटलं, आता मीच जाते खिडकीतून.

सरांनी पिशवी उचलून खाली ठेवली. मग म्हणाले, "रेडिएटरमध्ये वतलं?"

"हो सर."

आणि हा माणूस हसायला लागला. टेबलावर डोकं ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर डोळे पुसले, माझी वही उघडली, पेन हातात दिलं. "रेघ मार. खाली खरं लेह्य. कोण कोण पिलं तेही लेह्य." मी लिहिलं. तोवर त्यांनी चपला घातल्या होत्या, पुन्हा दोन वेगवेगळ्या. "चाल. चाचाले सांगू."

चाचांनी शांतपणे ऐकलं. "तो क्या हुआ? दर्यापूर मेरी ससुराल है. वो पानी मैं जवानी से पी रहा."

"पोटात जाणं येगळं अन् हाडात राहणं येगळं. त्या पान्यात काय काय हाय मले माहीत नाही. तिकडं माणसांचे गुर्दे खराब होऊन राहिले, कायनं होतात कोणाले माहीत नाही. अन् ते तुह्या हाडात ठेवू? कायमचं?"

"रिस्क मेरी, मास्तर. मैं सही करता."

"खेळणारा तू, पण पत्ते मी वाटून राहिलो ना. मले दिसत नाहीत ते पत्ते. मी नाही वाटत."

डॉक्टरांनी अकोल्याहून फोन केला, समजावलं, भांडले. म्हणाले, ठेवून तर पाहू. सर म्हणाले, "पाहाले तो काय सिनेमा हाय?" ऑपरेशन रद्द झालं. चाचांनी सुरा ठोकळ्यावर आपटला आणि सांगितलं, "इसके बाद मेरी दुकान पे मत आना."

सर दुसऱ्या दिवशी सात वाजता पिशवी घेऊन तिथंच उभे. चाचांनी पाहिलं नाही. सर पंधरा मिनिटं उभे राहिले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सहा-सात महिने हा माणूस रोज जाऊन उभा राहायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "कायले जाता सर? हाडं दुसरीकडं मिळतात." तर म्हणाले, "हाडासाठी नाही जाऊन राहिलो."

बाकीचा सगळा वेळ आम्ही त्या पाण्याच्या मागं. मी हापशीचं पाणी कॅन भरभरून आणलं. हिवाळ्यातल्या पाण्याचे रोडगे चांगले यायचे, उन्हाळ्यातल्याचे तडकायचे. एकदा पाच जमले तर पाच वाया. मग सर डिस्टिल्ड पाण्यात एकेक क्षार घालून बघायला लागले, हे की ते, एवढं की तेवढं. जेवण विसरायचे. त्यांची बायको डबा घेऊन प्रयोगशाळेत यायची आणि बादलीसुद्धा सोबत आणायची. दोन वर्षांनी ते कोडं सुटलं. कुठला क्षार किती, ते कळलं, निकाल तीनदाच काय दहादा आला. माझा प्रबंध झाला, त्यात काळीपिवळीतल्या आजीचा उल्लेख आहे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ते पान वाचून चष्मा काढून हसले. मला अकोल्याची नोकरी मिळाली. चाचा नकली पायावर दुकानात उभे राहायला लागले आणि एक दिवस हाक मारून त्यांनीच पिशवी भरून दिली. पण ते सगळं नंतर.

दोन वर्षं हाडाला थांबता येत नाही. त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास पू रक्तात गेला, चाचा तापानं फणफणले, बरळायला लागले. अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, माणूस हवा असेल तर पाय सोडा. गुडघ्याच्या वरून पाय कापला.

सर आणि मी दुसऱ्या दिवशी गेलो. चादर एका बाजूला सपाट होती. चाचांचे दोन मुलगे खाटेशी, डॉक्टर दारात. सर पायथ्याशी जाऊन उभे राहिले आणि काय करावं न सुचून खाटेची दांडी पुसत बसले. चाचांनी डोळे उघडले.

"मास्तर, हड्डी चाहिए क्या? इतने साल बकरे की ली. ये ताजी है."

मला हसू फुटलं. सर हसले नाहीत.

"एक बात बता," चाचा म्हणाले. "वो आठ गोलियाँ रख देते, तो पाय बचता क्या?"

डॉक्टरांनी दारातून सरांना खूण केली, नाही म्हणा. एक शब्द होता फक्त. माणसाला बरं वाटलं असतं, मलाही वाटलं असतं, कारण तोंड मी उघडलं होतं. सरांनी डॉक्टरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"माहीत नाही," सर म्हणाले.

"झूठ भी नहीं बोल सकता तू?"

"नाही."

चाचांनी चादर सपाट बाजूला ओढून घेतली. मग मोठ्या मुलाला म्हणाले, "पाय अमरावती ले जाओ, अपने कब्रस्तान में. बाकी मैं बाद में आता." आणि सरांना म्हणाले, "तू भी जा. मिट्टी दे."

धाकट्या मुलानं जीप काढली आणि आम्ही निघालो. पाय पांढऱ्या कापडात नीट गुंडाळलेला, मोठ्या मुलाच्या मांडीवर. मूर्तिजापूरला रेल्वे फाटक बंद होतं. चहावाला खिडकीत येऊन विचारायला लागला, कितने? मुलगा म्हणाला, चार. मग मांडीकडं पाहून गप्प झाला. सरांनी चहा घेतला आणि हातातच धरून ठेवला, निवेपर्यंत.

कब्रस्तानात मी आत गेले नाही, फाटकाशी थांबले. आत खोदणाऱ्यानं विचारलं, किती लांब खोदू, आणि धाकटा मुलगा रडायला लागला ते मला बाहेर ऐकू आलं. सरांनी डोक्याला रुमाल बांधला होता. मोठ्या मुलानं त्यांना समजावलं की पायाची नमाज नसते, नुसतं पुरायचं. सरांनी मान हलवली, वाकले आणि तीनदा माती टाकली. मग ते लोक आत पाणी शिंपडत असताना एकटेच फाटकाकडं चालत आले. हाताला काळी माती लागलेली, ती त्यांनी झटकली नव्हती.

"पोट्टे, मी नाही म्हटलं ते बरोबर होतं ना?"

इतक्या वर्षांत या माणसानं कोणाला विचारलं नव्हतं, मी बरोबर आहे का म्हणून.

"हो सर. बरोबरच होतं."

"मंग त्या माणसाचा पाय काहून पुरून आलो मी?"

फाटकाजवळ भर उन्हात आम्ही दोघं रडत उभे राहिलो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, यांच्या घरचं कोणी गेलं.